मे महिना, मागच्या सीटवर दोन मुलं आणि कुंभार्ली घाट

मे महिन्यात लहान मुलांना घेऊन गाडीनं कोकणात निघालो की ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, "तिकडे बघण्यासारखं काय काय आहे?" हा प्रश्न बाजूला ठेवा. तीन आणि सात वर्षांच्या मुलांना बघायला काही नको असतं. पाणी, माती, आंबे आणि दिवसभर कुणी "चला, आवरा" म्हणणार नाही अशी जागा मिळाली की त्यांचं भागतं. म्हणून मी ठिकाणांची यादी करत नाही. घड्याळ बघते आणि भिंतीवरचं कालनिर्णय बघते.

आमचा रस्ता पुणे ते गुहागर. सातारा, उंब्रज, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि गुहागर, पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. ताम्हिणीतून जाणारेही आहेत. मला कुंभार्ली बरा वाटतो, कारण खरा वळणांचा घाट उशिरा येतो. तोवर मुलांची झोप, नाश्ता, शी-शू सगळं उरकलेलं असतं. आणि गुहागरच का, तर किनारा गावाला लागून आहे, वर सुरूची सावली आहे, आणि मुलाची चप्पल तुटली तर चालत जाऊन नवी आणता येते.

तारीख तिथी बघून काढा

हॉटेलाचं बुकिंग करण्याआधी भरती-ओहोटी बघा. त्यासाठी अ‍ॅप लागत नाही. कोकणातली जुनी रीत आहे: तिथीला पाऊणनं गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ आली. चतुर्थीला चार पाउणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला आठ पाउणे सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाउणे सव्वाअकरा. दिवसाला भरत्या दोन, म्हणून हीच वेळ सकाळचीही आणि रात्रीचीही. तिथून सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण आपल्याला काही होडी हाकायची नाही.

आता हे मुलांच्या दिवसाला लावून बघा. अष्टमीला गेलात तर ओहोटी भर दुपारी बाराला, आणि त्या वेळी वाळूवर पाय ठेवून दाखवा! त्रयोदशी ते द्वितीया या दिवसांत मात्र ओहोटी दुपारी चार ते संध्याकाळी साडेसातच्या मधे पडते. ऊन उतरलेलं, ओली सपाट वाळू लांबपर्यंत उघडी, शिंपले वेचायला आणि किल्ले करायला मोकळं रान. सकाळी उठून गेलात तर पाणी वर चढत असतं, तेव्हा पाय बुडवून घ्यायचे.

पाण्याचा नियम आमच्याकडे एकच आहे आणि त्यात रडून बदल होत नाही. पाणी मागे जात असताना वाळूवर खेळायचं, पाण्यात नाही. मागे जाणारं पाणी पायाखालची वाळू ओढून नेतं, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणामुळे त्याला जोरही जास्त असतो. चढत्या पाण्यातही धाकट्याला घोट्यापर्यंत, थोरलीला गुडघ्याखाली, आणि त्यांच्या व समुद्राच्या मधे मोठं माणूस उभं. हे मोठं माणूस फोटो काढत नाही. शक्यतो मेचा पहिला पंधरवडा धरा. महिना सरत आला की समुद्र खवळायला लागतो.

जमलं तर १० मेच्या आसपासचा दिवसही पकडा. गुहागरच्या अक्षांशावर तेव्हा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दुपारी साडेबाराच्या थोडं पुढे, १२.३३ च्या सुमारास, अंगणात स्टीलचा पेला उपडा ठेवायचा. सावली आक्रसत जाते आणि पेल्याखाली नाहीशी होते. दोन मिनिटांचा खेळ आहे, पण थोरली नंतर स्वतःची सावली शोधत अंगणभर फिरत होती. पुण्यात हीच गंमत १३-१४ मेला दिसते, म्हणजे परत आल्यावर गच्चीत पुन्हा बघता येते.

गाडी भरताना

सामानाचं फार सांगत नाही, कपडे सगळेच जास्त नेतात. हाताशी लागतं ते असं: पाच लिटर पाण्याचा कॅन आणि मग, झाकणाचा आईस्क्रीमचा रिकामा डबा (उलटीसाठी, आत पिशवी घालून), प्रत्येक मुलाचा एक बदलायचा जोड डिकीत नाही तर पायाशी, ओआरएसची पाकिटं. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवायचं. अर्ध्या बाटलीत अर्धं पाकीट अंदाजानं टाकायचं नाही. कालवलेलं चोवीस तासांत संपलं नाही तर ओतून द्यायचं.

टायरची हवा निघायच्या आदल्या दिवशी, टायर थंड असताना बघून घ्या. तापलेल्या टायरचा आकडा मुळातच जास्त दिसतो.

चाइल्ड सीटवरून आमच्या घरात दरवर्षी चर्चासत्र होतं. सासूबाई म्हणतात, "आम्ही काय मांडीवर घेऊन आणली नाहीत पोरं? यष्टीनं आणली की!" आणली, पण यष्टीनं. ताशी नव्वदच्या गाडीत ब्रेक लागला तर मांडीवरचं मूल कुणाच्याही हातात राहत नाही. कायद्यानंही चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा योग्य सीट लागते, नाही तर १००० रुपये दंड. दंडाचं सांगितल्यावर सासूबाईंना पटलं. उन्हात उभ्या गाडीतलं बकल चटका देतं, म्हणून उतरताना त्यावर पांढरा पंचा टाकून ठेवते. आणि मुलाला गाडीत ठेवून "दोन मिनिटांत येते" हे मे महिन्यात करायचंच नाही, काच खाली असली तरी.

निघायचं पहाटे साडेचारला

मुलांना उठवायचं नाही. रात्रीच प्रवासाचे कपडे घालून झोपवायचं, उचलून सीटवर ठेवायचं, पट्टा लावायचा. खंबाटकीचा घाट त्यांच्या झोपेत पार पडतो. साताऱ्याच्या पुढे कुठेतरी जाग येते, तेव्हा बाहेर फटफटलेलं असतं आणि गाडी शंभरावर किलोमीटर पुढे आलेली असते.

नाश्ता घरचा. तिखटामिठाच्या पुऱ्या मोठ्यांना आणि मुलांना दशमी, तूप-साखर लावून गुंडाळी करून. दुधात भिजवलेली दशमी दिवसभर मऊ राहते, सांडत नाही, तेलकट नाही. हॉटेलात चहासाठी थांबायचं, टॉयलेट स्वच्छ बघून थांबायचं, पण मुलांना तिथला वडा घाटाआधी द्यायचा नाही. पुढे कुंभार्ली आहे.

दर दीड तासानं गाडी थांबवा, मूल शांत असलं तरी. शांत मुलाला उतरवायचं जिवावर येतं हे मला मान्य आहे, पण दहा मिनिटं पळू दिलं की पुढचा दीड तास बरा जातो. मोबाईल आम्ही उंब्रज सोडलं की बंद करतो. त्याऐवजी नंबरप्लेट. एमएच १२ पुण्याची, ११ साताऱ्याची, ५० कराडची, आणि पहिली ०८ ज्याला दिसेल त्यानं ओरडायचं: रत्नागिरी जिल्हा! धाकट्याला आकडे येत नाहीत, तो पाटणच्या बाजूला डोंगरांच्या माथ्यावरच्या पवनचक्क्या मोजतो. दोन, पाच, दहा, परत दोन.

कोयनानगरला मात्र मी एक गोष्ट सांगते, आणि ती खरी आहे. कोयनेचं पाणी मुळात कृष्णेला मिळून पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराला जायचं. धरण बांधून त्यातलं बरंचसं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला सोडलं. ते पोफळीच्या बाजूला खाली कोसळताना वीज करतं आणि मग वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. चिपळूणच्या पुलावरून भर उन्हाळ्यात नदीला पाणी दिसतं ते यामुळे. थोरलीनं विचारलं, "मग बंगालच्या समुद्राला राग नाही आला?" याचं उत्तर माझ्याकडे नाही, पाणीवाटपाच्या लवादाकडे असेल.

घाट

कोयनानगरला सकाळी पावणेनऊ-नऊला पोचलं की घाट उन्हाआधी उतरतो. घाटात एसी बंद, काचा उघड्या. मुलांनी समोरच्या रस्त्याकडे बघायचं, पुस्तक-खेळणं हातात नको. आलेपाकाची वडी चोखायला द्यायची, अगदी लहानाला नाही, घशात अडकते. आवळासुपारीही चालते. आणि तोंडात लाळ यायला लागली, जांभया सुरू झाल्या, बडबड एकदम थांबली, की विचारत बसायचं नाही. रुंद जागा बघून गाडी बाजूला घ्यायची. उलटीचं औषध द्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे.

चालवणाऱ्यासाठी: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल नको, चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या. माकडांना काही देऊ नका. गाडीचं दार उघडं ठेवून तर मुळीच नको.

घाटात द्रोणातून करवंदं विकायला बसलेल्या बायका दिसल्या की थांबायचं. करवंद धुऊन, दातानं अर्धं तोडून आत बघायचं: लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. ज्याचे कोंबडे जास्त तो जिंकला. हा खेळ मला माझ्या आजीनं शिकवला आणि चिपळूण येईपर्यंत पुरतो. चीक ओठाला लागतो, म्हणून आधी थोडं खोबरेल लावा.

पोचल्यावर

काही करू नका. साडेअकरा-बाराला पोचतो, जेवतो, पंखा लावून पडतो. आम्ही उतरतो ते घरगुती निवास आहे: मागे विहीर, पुढे खळं, ओटीवर झोपाळा. खोली ठरवताना मी एसीचं विचारत नाही, विहिरीला कठडा आणि जाळी आहे का ते विचारते.

पहिल्या दुपारी रायवळ आंबे. हापूस पुण्यातही मिळतो, कापून डिशमध्ये येतो, काट्यानं खातात. रायवळ खायला शिकवावा लागतो. आंबे आधी तासभर बादलीत पाण्यात टाकायचे. देठाचा चीक धुऊन निघतो, आंबा गार होतो. मुलांच्या अंगावर फक्त चड्डी. मग एक आंबा दोन्ही तळव्यांत घेऊन हळूहळू माचायचा, सगळ्या बाजूंनी, साल फुटू न देता. आत रस सुटल्याचं बोटांना कळतं. देठाकडचं टोक काढायचं, पहिले दोन थेंब पिळून टाकून द्यायचे कारण चीक तिथेच असतो आणि त्यानं तोंड येतं. मग तोंड लावून चोखायचं, खालून दाबत. धाकटा पहिल्यांदा खालून फार जोरात दाबतो, कोय सुळकन बाहेर येते आणि पोटावरून घरंगळते. ती उचलून, धुऊन, शेंड्या निघेपर्यंत चोखायची. थोरलीनं विचारलं किती खाऊ, तर घरच्या काकू म्हणाल्या, "अगो, रायवळ मोजून खायचे नसतात. कोयी मोजायच्या, त्याही शेवटी." नंतर विहिरीवर तांब्यातांब्यानं आंघोळ. रात्री पोट बिघडेल म्हणून सासूबाई धास्तावल्या होत्या. काही झालं नाही. तरी रात्रीचं जेवण हलकं ठेवा, मऊ भात आणि मेतकूट.

एका दिवसात एकच गोष्ट धरायची. हेदवी, वेळणेश्वर जवळ आहेत, पण दोन्ही एका दिवसात केलंत की मुलं गाडीतच झोपणार आणि देवळाच्या पायऱ्यांवर उचलून न्यावी लागणार. आम्ही एखाद्या सकाळी हेदवीला दशभुज गणपती करतो आणि जेवायला परत. उरलेला वेळ सुरूच्या सावलीत. वाळूतून बारके खेकडे बाहेर येतात, माणसाची चाहूल लागली की भोकात. हे बघायचं तर भोकापासून चार हात लांब बसून गप्प राहावं लागतं. तीन वर्षांचं मूल गप्प बसतं, मी पाहिलंय.

परतताना

परतीलाही पहाटेच निघा. आंब्याची पेटी मागच्या काचेपाशी उन्हात ठेवू नका, डिकीत सपाट ठेवा आणि वर बॅगा रचू नका. ओले काजू सोलूनच घ्या. सालीचं तेल मुलांच्या हाताला लागलं तर कातडी सोलते. फणस आणायचा मोह झाला तर कापाच आणा, बरका आणला तर बंद गाडीत पुण्यापर्यंत त्याच्याबरोबर राहावं लागतं. आणि काजूच्या बोंडांच्या रसाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, लिंबू लावा, साबण लावा, काही करा. जाताना जुनेच कपडे घाला.