‘सर्कमस्टॅन्शियल एव्हिडन्स’ म्हणजे कच्चा पुरावा नव्हे

या जोडशब्दाचा मराठी प्रतिशब्द ‘परिस्थितीजन्य पुरावा’. पाऊस पडताना पाहिला, तर तो प्रत्यक्ष पुरावा, म्हणजे ‘डायरेक्ट एव्हिडन्स’. दारात निथळणारी छत्री आणि पायपुसण्यावर ओल्या चपलांचे ठसे दिसले, तर तो परिस्थितीजन्य. इथे निष्कर्ष आपण काढतो.

बातमीत ‘फक्त’ परिस्थितीजन्य पुरावा असे वाचून खटला लंगडा समजू नका. बोटांचे ठसे आणि डीएनएसुद्धा याच प्रकारात मोडतात, आणि साक्षीदाराच्या डोळ्यांपेक्षा ते कितीदा तरी भरवशाचे ठरतात. अट एकच, पण कडक: पुराव्यांची साखळी पूर्ण हवी. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात यासाठी पाच कसोट्या घालून दिल्या. आरोपी निर्दोष असण्याची वाजवी शक्यता उरली, तर दोष सिद्ध होत नाही.

लिहिताना हमखास होणारी चूक म्हणजे ‘अॅन एव्हिडन्स’ किंवा ‘एव्हिडन्सेस’. हे नाम पाण्यासारखे, मोजता न येणारे. एकच पुरावा सांगायचा असेल तर ‘अ पीस ऑफ एव्हिडन्स’ लिहा. अनेक असले तरी क्रियापद एकवचनीच: ‘द एव्हिडन्स इज सर्कमस्टॅन्शियल’. उच्चारताना जोर ‘स्टॅन’वर द्या.