आजोबांचं सेफ्टी रेझर चकाकवण्याआधी

जुनं जिलेट हाती लागलं की पहिला मोह होतो तो चिंच किंवा पितळ चकाकवायची पावडर लावून घासायचा. कृपा करून तसं करू नका. आत पितळ असलं तरी वर निकेलचा किंवा सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो. तो एकदा गेला की परत येत नाही. उकळत्या पाण्यातही टाकू नका.

आधी ब्लेड काढा, तेही दोन्ही आखूड बाजूंनी धरून. गंजून चिकटलं असेल तर ओढाताण न करता थोडा वेळ कोमट पाण्यात राहू द्या.

मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाकून रेझर पंधरा-वीस मिनिटं बुडवा. मूठ बेकेलाइटची (जुन्या काळचं कडक प्लास्टिक) किंवा रंगवलेली असेल तर फक्त ओल्या फडक्याने पुसा. ॲल्युमिनियमच्या मुठीला धुण्याचा सोडा लावू नका, ती काळवंडते. खरा मळ दिसत नाही तिथे असतो: मूठ फिरवल्यावर वरची दोन दारं उघडतात ना, त्यांच्या बिजागरीत साबणाचा पांढरा, दगडासारखा थर बसलेला असतो. तिथे मऊ टूथब्रश हलक्या हाताने फिरवा, दारं उघडझाप करा, पुन्हा फिरवा.

धुऊन कोरडं झाल्यावर धातूचे भाग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खिडकी उघडी ठेवा, गॅस बंद. फिरत्या भागांत मिनरल ऑइलचा एकच थेंब सोडा. काढलेलं ब्लेड झाकणाच्या डब्यात टाका. उघडं कचऱ्यात गेलं तर सफाई कामगाराचा हात कापतो.