जिवंत परतलेल्या आयरिश सैनिकाची युद्धसेवा कशी शोधावी

आयर्लंड सोडून ऑस्ट्रेलियात गेलेल्या आणि पहिल्या महायुद्धातून जिवंत परतलेल्या सैनिकाचा शोध घेताना कामी आलेल्यांच्या याद्या बाजूला ठेवाव्यात आणि थेट त्याच्या सेवेची फाइल उघडावी. ब्रिटिश सैन्यातील साध्या सैनिकांच्या बहुतेक फाइली 1940 च्या लंडनवरील बॉम्बहल्ल्यात जळाल्या. ऑस्ट्रेलियन सैन्याच्या मात्र तेथील राष्ट्रीय अभिलेखागाराने जपल्या असून त्या इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात.

प्रथम भरतीचा अर्ज वाचावा. त्यात जन्माचे गाव व परगणा, व्यवसाय आणि जवळच्या नातेवाइकाचा पत्ता असतो. वयावर मात्र विसंबू नये, कारण भरतीसाठी वय कमी-जास्त सांगणारे पुष्कळ होते. आयर्लंडमधील जन्मनोंदी 1864 पासूनच्या आहेत, त्यांच्याशी आणि 1901 व 1911 च्या जनगणनेशी ते ताडून पाहावे.

त्यानंतर सेवेतील हालचालींचा तक्ता घ्यावा. जहाजावर चढणे, जखमी होणे, रुग्णालयात दाखल होणे, तुकडीत परतणे, या साऱ्यांच्या तारखा त्यात ओळीने मिळतात. तक्ता कोरडा असतो, म्हणून त्याच तारखांची बटालियनची युद्धदैनंदिनी शेजारी ठेवावी. ती ऑस्ट्रेलियन युद्धस्मारकाच्या संग्रहात आहे. टिपरेरी परगण्यातील लोऱ्हा येथे जन्मलेल्या मार्टिन ओमिएरा यांचे उदाहरण घ्या. ते 1915 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात भरती झाले आणि सोळाव्या बटालियनमधून फ्रान्समध्ये लढले. ऑगस्ट 1916 मध्ये पोझिएरजवळ सलग चार दिवस तोफा व मशीनगनच्या माऱ्यात ते पुन्हा पुन्हा उघड्या रणभूमीवर गेले आणि जखमींना उचलून आणत राहिले. या कामगिरीबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते दिवस बटालियनवर कसे गुदरले, हे दैनंदिनी वाचल्यावाचून कळत नाही.

बहुतेक शोधकर्ते युद्धविरामाशी थांबतात, आणि माझ्या मते तिथेच त्या माणसावर अन्याय होतो. ओमिएरा 1918 च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात परतले, लगेचच त्यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळले आणि 1935 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे आयुष्य रुग्णालयातच गेले. म्हणून निवृत्तिवेतनाची आणि माजी सैनिकांच्या वैद्यकीय उपचारांची कागदपत्रे स्वतंत्रपणे मागवावीत. ती सेवेच्या फाइलीत असतीलच असे नाही.