रोजच्या वापराला छोटा कॅमेरा घ्यायचाय? आधी हे बघा

मोबाईल असताना वेगळा कॅमेरा कशाला, हे घरचे विचारणारच, आणि प्रश्न बरोबरच आहे. म्हणून आधी एवढंच ठरवा की तुमचे जास्त फोटो दिवसा लांबचे असतात की संध्याकाळी घरातले, कारण दोन्ही छान काढणारा, खिशात मावणारा आणि स्वस्त असा कॅमेरा मिळत नाही.

स्पोर्ट्स डेला ग्राउंडच्या पलीकडून पळणारं पोर, बाल्कनीतून समोरच्या झाडावरचा भारद्वाज, असलं काही असेल तर ऑप्टिकल झूम (लेन्सच पुढेमागे सरकून लांबचं जवळ आणते तो) बघा. कॅननच्या इक्सस २८५ ला १२ पट आहे, पॉवरशॉट एसएक्स ७४० ला ४० पट. खोक्यावरचा डिजिटल झूम विसरून जा, तो नुसता फोटो कापून मोठा करतो.

पण वाढदिवस, गॅदरिंग, गणपतीतली आरती असले कमी उजेडातले फोटो हवे असतील तर सेन्सर (लेन्समागची उजेड टिपणारी चिप) मोठा लागतो. स्वस्त कॅमेऱ्यांत साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो, आणि आजकालचा बरा मोबाईल रात्री त्याला सहज मागे टाकतो, मग पैसे कशाला घालवायचे! सोनीचा आरएक्स १०० (२०१२ च्या पहिल्यापासून पाचव्या मॉडेलपर्यंतचा) किंवा कॅननचा जी ७ एक्स यांचा सेन्सर १३.२ बाय ८.८ आहे, म्हणजे क्षेत्रफळ चौपट, शिवाय लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते (हा आकडा जितका लहान तितका जास्त उजेड आत येतो). झूम मात्र तीन-चार पटच.

मेगापिक्सलच्या मागे लागू नका. ए ४ साइजची चांगली प्रिंट ९ मेगापिक्सलमध्ये निघते.

सेकंडहँड घेत असाल (आता बरेच जण तेच करतात, कारण साधी मॉडेलं बंद होत गेली) तर कॅमेरा हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. चालू-बंद चार-पाच वेळा करा, झूम पूर्ण बाहेर आणि परत आत, लेन्स अडखळली किंवा घरघरली तर सरळ नाही म्हणा, बहुतेक वेळा आत वाळू गेलेली असते आणि त्या दुरुस्तीचा खर्च परवडत नाही. मग झूम करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, काळपट ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. मोबाईलचा टॉर्च लेन्समध्ये तिरका मारून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी, मुंबई-कोकणातल्या दमट हवेत ही फार लागते. बॅटरी फुगलीये का, आणि तसली बॅटरी अजून बाजारात मिळते का तेही विचारा. खूप जुन्या कॅमेऱ्यांत फोटो साठवायला एक्सडी कार्ड किंवा मेमरी स्टिक लागते, ती शोधत फिरावं लागेल, त्यापेक्षा एसडी कार्डवालाच घ्या. २००६ च्या आधीचे बरेच एसडीवाले २ जीबीच्या वरचं कार्ड घेत नाहीत, तेव्हा आपलं कार्ड सोबत न्या आणि तिथेच घालून दोन फोटो काढून बघा.