चाकाच्या हबची घरघर: दोष ओळखण्यापासून नवे बेअरिंग बसवेपर्यंत

ताशी 50-60 किलोमीटरच्या वेगाला गाडीच्या तळातून सलग घरघर ऐकू येऊ लागली आणि वेगाबरोबर ती चढत गेली, की बहुतेक जण थेट चाकाच्या मधल्या भागाचे, म्हणजे हबचे बेअरिंग (चाक सहज फिरू देणारी गोळ्यांची कडी) मागवतात. माझ्या मते घाई इथेच होते, कारण झिजलेला टायरही जवळजवळ असाच आवाज करतो. मोकळ्या रस्त्यावर क्लच दाबून इंजिनाचे फेरे उतरू द्यावेत. आवाज तसाच राहिला, तर त्याचा इंजिनाशी संबंध नाही. नंतर वेग न बदलता गाडी हलकेच डावीकडे-उजवीकडे वळवावी. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो, म्हणून त्या वेळी घरघर वाढली तर संशय डाव्या बेअरिंगवर घ्यावा, आणि उलट झाले तर उजव्यावर. टायरचा आवाज वळणाने फारसा बदलत नाही. तो डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेल्यावर बदलतो. शंका उरलीच, तर पुढची चाके मागे आणि मागची पुढे लावून पाहावे. आवाजाने जागा बदलली, तर दोष टायरचा.

पुढची तपासणी हातांनी होते. सपाट, कठीण जमिनीवर गाडी उभी करून, मागच्या चाकांना ओंडके लावून पुढचा भाग जॅकने उचलावा आणि भार जॅक स्टँडवर टेकवावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या 12 आणि 6 या जागी धरून हलवावे. ढिलाई जाणवली, तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगून चाक पुन्हा हलवावे. ब्रेकमुळे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी) आणि नकल (हबला धरून ठेवणारा, न फिरणारा भाग) एकमेकांना जखडले जातात, त्यामुळे ढिलाई नाहीशी झाली तर ती बेअरिंगची होती. तशीच राहिली तर बॉल जॉइंट (नकलला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा) पाहावा. ढिलाई फक्त 3 आणि 9 या आडव्या जागी असेल, तर बहुधा टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारी दांडी) झिजलेला असतो. सुरुवातीच्या झिजेत मात्र ढिलाई मुळीच नसते. अशा वेळी एका हाताने सस्पेन्शनची स्प्रिंग धरून दुसऱ्या हाताने चाक फिरवावे. आतली खरखर स्प्रिंगमधून बोटांना स्पष्ट कळते.

आपल्याकडे खड्ड्यांइतकाच दोष पावसाळ्यातल्या पाण्याचाही असतो. धावून तापलेला हब साचलेल्या पाण्यात बुडला, की आतली हवा थंड होऊन आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. ग्रीस खराब होते आणि घरघर काही आठवड्यांनी सुरू होते.

काही गाड्यांत बेअरिंग आणि हब मिळून बोल्टने बसणारा एकच भाग असतो. तो घरी बदलता येतो. अनेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांत मात्र बेअरिंग नकलमध्ये दाबून बसवलेले असते आणि त्याला हायड्रॉलिक प्रेस लागतो. तेव्हा नकल आपण उतरवून प्रेसवाल्याकडे नेणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

ॲक्सल नट (चाकाच्या मध्यभागी ॲक्सलवर बसणारा मोठा नट) गाडी जमिनीवर असतानाच सैल करावा, आणि तो सैल झाल्यावर गाडी त्या चाकांवर ढकलूसुद्धा नये. कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) काढून तारेने टांगावा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नये. एबीएसचा (ब्रेक दाबताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर जपून सोडवावा. शॉक ॲब्सॉर्बरच्या बोल्टांच्या जागा खुणेने आखून ठेवाव्यात.

खरी काळजी प्रेसवर घ्यायची असते. माझ्या गाडीचे नवे बेअरिंग दोन महिन्यांत पुन्हा घरघरू लागले होते, कारण ते आतल्या कड्यावर जोर देऊन नकलमध्ये ठोकले गेले होते. जोर गोळ्यांमधून गेला की कड्यांच्या वाटेवर बारीक खड्डे पडतात आणि ते बेअरिंग रस्त्यावर येण्याआधीच बिघडलेले असते. म्हणून बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर द्यावा. नंतर हब दाबताना बेअरिंगच्या आतल्या कड्याला पलीकडून नळीचा आधार द्यावा. जुन्या बेअरिंगचे आतले कडे अनेकदा हबवर अडकून राहते, ते पुलरने (खेचून काढणाऱ्या हत्याराने) काढावे. त्याखालचा भाग ओरखडलेला किंवा निळसर पडलेला दिसला, तर हबही बदलावा. सर्क्लिप (बेअरिंग जागेवर अडकवून ठेवणारी कडी) नवी वापरावी. एबीएससाठी चुंबकीय कडे असलेल्या बेअरिंगची ती बाजू सेन्सरकडेच यायला हवी. उलटे बसले तर सगळे पुन्हा उतरवावे लागते.

जोडणी करताना डिस्क टेकते तो हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने गंजमुक्त करावा, नाहीतर डिस्क डुलते आणि ब्रेक दाबताना पॅडल थरथरते. ॲक्सल नट नवाच घ्यावा आणि गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत टॉर्क पान्याने आवळावा. हा आकडा गाडीगणिक बदलतो, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीचा अंदाज आपल्या गाडीला लावू नये. इम्पॅक्ट गन तर अजिबात नको. चाकाचे नट समोरासमोर, टप्प्याटप्प्याने आवळावेत. शॉक ॲब्सॉर्बरचे बोल्ट सोडले असतील, तर व्हील अलाइनमेंट करून घ्यावी. मग ज्या रस्त्यावर घरघर ऐकली होती त्याच रस्त्यावर त्याच वेगाने गाडी चालवावी, एबीएसचा दिवा विझलेला आहे ना ते पाहावे आणि साधारण 100 किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासावेत.