सिक्युरिटी कंपनीसाठी सीनियर सॉफ्टवेअर इंजिनीअर निवडताना

जाहिरात लिहिण्याआधी हा माणूस पहिल्या सहा महिन्यांत काय उभं करून देणार, ते एका ओळीत लिहा. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग सांभाळणारा सर्व्हर, दारावरच्या कार्ड-रीडरचं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) आणि वॉचमनच्या मोबाइलवरचं ॲप ही तीन वेगळी कामं आहेत. तिन्ही एका जाहिरातीत कोंबलीत तर अर्जांचा ढीग लागतो आणि कामाचा माणूस त्यात सापडत नाही. रेकॉर्डिंगच्या जागेसाठी लिनक्स, सी++ किंवा गो यांपैकी एक भाषा, आणि आरटीएसपी-ऑनव्हिफचा (कॅमेऱ्यांशी जोडणीच्या प्रमाण पद्धतींचा) हात बसलेला असणं पुरे. हॅकिंगच्या सर्टिफिकेटची अट काढून टाका. सर्व्हर बांधणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नसतो.

पहिली फेरी फोनवर, अर्ध्या तासाची. एक हिशेब तोंडी विचारा: ६४ कॅमेरे, प्रत्येकी ४ एमबीपीएस (सेकंदाला ४ मेगाबिट), ३० दिवसांचं रेकॉर्डिंग, तर डिस्क किती लागेल? एका कॅमेऱ्याचे दिवसाला सुमारे ४३ जीबी होतात, म्हणजे सगळे मिळून ८३ टीबीच्या आसपास. आठ बिटांचा एक बाइट; त्यांत गल्लत झाली की उत्तर आठपट फुगतं. आकडा थोडा चुकला तरी चालेल, पण डिस्क बिघडली तर काय, हा प्रश्न त्याच्या मनात आपणहून यायला हवा.

दुसऱ्या फेरीत दीडशे ओळींचा कोड छापून समोर ठेवा आणि एक तास द्या. त्यात चार दोष पेरलेले असावेत: फॅक्टरीतून आलेला कायमचा पासवर्ड, कंपनीची डिजिटल सही न तपासता स्वीकारलेलं फर्मवेअर अपडेट, लॉगमध्ये उतरणारा पासवर्ड, आणि लिंकमधला क्लिपचा नंबर बदलला की दुसऱ्या सोसायटीचं फुटेज दिसणं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने असेच ठरलेले पासवर्ड वापरून कॅमेरे आणि डीव्हीआर (रेकॉर्डिंगचे डबे) ताब्यात घेतले होते. उमेदवार दोष कोणत्या क्रमाने सांगतो ते लिहून घ्या. व्हेरिएबलच्या नावांवर वीस मिनिटं घालवणारा नावाचाच सीनियर असतो. घरी करायला आठ तासांचं काम मात्र देऊ नका. नोकरीत असलेला चांगला माणूस तिथेच गळतो.

तिसरी फेरी सगळ्यांत महत्त्वाची, आणि तिला प्रश्न एकच पुरतो: लाइट गेली, तर दार उघडं राहावं की बंद? लगेच उत्तर देणाऱ्यापेक्षा 'दार कुठलं?' असं विचारणारा बरा. मॅग्नेटिक लॉक वीज गेली की सुटतं. जिन्याच्या दाराला तेच हवं, कॅश रूमला नको. मग बॅटरी बॅकअप आणा: वीज गेली तरी लॉक बंदच राहतं, आता आग लागली तर? 'फायर पॅनेलने लॉकचा पुरवठा रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) थेट तोडला पाहिजे, माझ्या सॉफ्टवेअरवर ते अवलंबून नको', हे उत्तर आलं की निम्मी निवड झाली. पुढे नेटवर्क तोडा. पावसात बेसमेंटमधला स्विच भिजला, सर्व्हर दिसत नाही, आणि आज सकाळीच एकाला कामावरून काढलंय. रीडरमध्ये साठवलेल्या जुन्या यादीत त्याचं कार्ड अजून चालू आहे. यादी किती तास ग्राह्य धरायची? इथे बरोबर आकडा असा नसतोच. हॉस्पिटलसाठी आणि गोदामासाठी तो वेगळा का, हे त्याने समजावून सांगावं.

प्रत्यक्ष भेट शनिवारी ठेवा. ऑफिस अंधेरीला आणि उमेदवार डोंबिवलीचा असेल तर घाटकोपरला लोकल सोडून मेट्रो पकडणं त्याला रोज जमणार का, हे तेव्हाच मोकळेपणाने बोला. आठवड्यातले किती दिवस यायचं ते ऑफर लेटरमध्ये लिहा, तोंडी ठेवू नका.

ऑफर शेवटच्या फेरीनंतर तीन दिवसांत द्या. आपल्याकडे नोटीस पिरियड बहुधा ९० दिवसांचा असतो आणि माणूस निसटतो तो याच काळात. राजीनामा स्वीकारल्याचा मेल मागा, दर पंधरा दिवसांनी त्याच्या होणाऱ्या टीम लीडला फोन करायला सांगा, जुन्या कंपनीला पैसे भरून नोटीस कमी करता येते का ते विचारा. जुन्या अनुभवाची खातरजमा करायला त्यालाच ईपीएफओची (पीएफ कार्यालयाची) सर्व्हिस हिस्टरी डाउनलोड करून द्यायला सांगा. दोन नोकऱ्या एकाच वेळी चालल्या असतील तर तारखांवरून बहुधा कळतं. त्याच्या सध्याच्या कंपनीत परस्पर फोन करू नका.

आधीच्या कंपनीने नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जाऊ नये असं लिहून घेतलं असलं, तरी १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ मुळे ती अट सहसा टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र टिकते. म्हणून रुजू होताना जुना कोड, डिजिटल किल्ल्या किंवा ग्राहकांची यादी सोबत आणलेली नाही, असं त्याच्याकडून लेखी घ्या, आणि प्रॉडक्शन सर्व्हरचा (ग्राहकांसाठी प्रत्यक्ष चालू असलेल्या सर्व्हरचा) ॲक्सेस पहिल्या दिवशी देऊ नका.