पक्षाघातानंतर चालणं: आधी नीट उठायला शिका

पक्षाघातानंतर घरच्यांना घाई असते पावलं मोजायची. पण खुर्चीतून उठतानाच सगळा भार चांगल्या पायावर जात असेल, तर चालतानाही दुबळा पाय नुसता मागून ओढला जातो. म्हणून डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपिस्टने उभं राहायची परवानगी दिली की सुरुवात उठण्या-बसण्यापासून करावी.

हातांची भक्कम खुर्ची भिंतीला टेकवा. बैठक गुडघ्यापेक्षा थोडी उंच हवी. नसेल तर घट्ट उशी ठेवा. पुढे सरकून बसा आणि टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या. इथेच बहुतेकांचं चुकतं: पाय पुढे राहिले की अंगाचा भार तळव्यांवर येतच नाही आणि माणूस मागे कोसळतो. कमरेतून वाका, नाक पायाच्या बोटांच्या पुढे गेलं की उठा. बसताना चार मोजत सावकाश बसा. एका वेळी 5, दिवसातून दोन-तीनदा. सलग 10 सहज जमू लागले की उशी काढा. तरी दुबळा पाय कामचुकारपणा करत असेल, तर चांगला पाय पाऊलभर पुढे ठेवा. मग दुबळ्या पायाला भार घ्यावाच लागतो.

पुढचा टप्पा ओट्याला धरून. कंबर दुबळ्या बाजूला सरकवा, 5 सेकंद थांबा, असं 10 वेळा. गुडघा मागे खटकन जाऊ देऊ नका, किंचित वाकलेला ठेवा. नाहीतर सांध्यामागचे अस्थिबंध (हाडं जोडणारे पट्टे) ताणून पुढे दुखणं लागतं. हे जमलं की चांगला पाय बुटक्या पाटावर ठेवून पाहा. पावलं जुळवून 30 सेकंद उभं राहणं त्यानंतर.

काठी चांगल्या हातात. हात सरळ सोडल्यावर मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. आधी काठी, मग दुबळा पाय, मग चांगला. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुबळा. सोबत्याने दुबळ्या बाजूला, जरा मागे राहून कमरेचा पट्टा धरावा. दंड ओढू नये, सैल पडलेला खांदा निखळू शकतो.

पायाची बोटं जमिनीला घासत असतील तर नुसता व्यायाम वाढवून भागत नाही. घोट्याच्या स्प्लिंटबद्दल (पाऊल उचलून धरणाऱ्या आधारपट्टीबद्दल) फिजिओथेरपिस्टला विचारा. सपाता नकोत, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घाला.

चेहरा वाकडा होणं, बोलणं अडखळणं, नव्याने अशक्तपणा किंवा छातीत दुखणं यातलं काहीही जाणवलं तर व्यायाम तिथेच थांबवून ताबडतोब रुग्णालय गाठा. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर मालीश करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.